गाडीची वॉरंटी तीन महिन्यांत संपतेय, पुढची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. गाडी टर्बो पेट्रोल, डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) ऑटोमॅटिक, कॉम्पॅक्ट एसयूव्ही. वय २ वर्षं ९ महिने, रनिंग ७४,००० किमी. कंपनीची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी, म्हणजे किलोमीटर शिल्लक असले तरी तारखेनं ती तीन महिन्यांत संपणार. आठवड्याला तीनदा परभणी–नांदेड, बाकी गावातलं आणि आखाड्यावरचं (शेतावरचं) येणं-जाणं.

शोरूमवाल्यांनी तीन आकडे दिलेत. चौथं वर्ष, १.२ लाख किमीपर्यंत, १७,२०० रुपये. चौथं आणि पाचवं मिळून, १.४ लाख किमीपर्यंत, ३१,४०० रुपये. दोन्ही जीएसटी धरून. तिसरा प्लॅन दोन वर्षांचा, १८,५०० ला, पण त्याच्या कागदावर गाडीच्या कंपनीचं नाव नाही, वेगळ्याच कुणाचं तरी आहे, आणि एका क्लेमला ४०,००० ची मर्यादा लिहिली आहे.

विमा झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्टसहित आहे. मग वॉरंटीवर वेगळा खर्च कामून करायचा? आणि करायचाच तर यातलं कोणतं घ्यावं? जाणकारांनी नीट सांगावं.

गिअरपेटी (लातूर)

भाऊ, पैशाचा हिशेब नंतर. आधी बोनेटखाली काय आहे ते बघा, कारण वॉरंटी घ्यायची की नाही हे तिथंच ठरतं. तुमच्याकडं टर्बो, थेट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन असणार आणि वर डीसीटी. म्हणजे मोठ्या खर्चाच्या सगळ्या वस्तू एकाच गाडीत. साध्या इंजिनाची, मॅन्युअल गिअरची गाडी असती तर मी वेगळं बोललो असतो.

डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. एकावर १-३-५-७ गिअर, दुसऱ्यावर २-४-६. या आकाराच्या गाड्यांत हे क्लच बहुतेक वेळा कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. मोंढ्यातल्या गर्दीत गाडी ब्रेक सोड, ब्रेक धर अशी रेंगाळत चालली की क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि तापतो. कोरड्या क्लचची उष्णता काढायला तेल नाही, ती हवेतच जाणार, आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेरची हवाच ४२-४३ अंशांची. पुढं पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते, मग गिअर बदलताना झटका, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा.

आता खरा मुद्दा. वॉरंटीत 'गिअरबॉक्स' लिहिलेलं असतं, पण क्लच हा झिजणारा भाग म्हणून वगळलेल्या यादीत असतो. मॅन्युअलच्या क्लच प्लेटला ते समजू शकतो. डीसीटीच्या क्लच पॅकला काही कंपन्या वॉरंटीत धरतात, काही धरत नाहीत, काही ठरावीक किलोमीटरपर्यंतच धरतात. पॅक बदलायचं बिल मॉडेलनुसार मजुरीसकट साठ हजारांच्या पुढं सहज जातं. त्यात ॲक्च्युएटर (क्लच-गिअर हलवणारा भाग) किंवा टीसीयू, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, आला तर लाखाच्या पुढं. म्हणून पैसे भरायच्या आधी शोरूमला ईमेल टाका: 'ड्युअल क्लच असेंब्ली, क्लच ॲक्च्युएटर, गिअर ॲक्च्युएटर आणि टीसीयू हे चारही भाग या प्लॅनमध्ये येतात का, आणि क्लच असेंब्लीला किलोमीटरची वेगळी मर्यादा आहे का?' उत्तर ईमेलवरच घ्या. फोनवरचं 'सगळं कव्हर आहे सर' काही कामाचं नाही.

दुसरं, आज गाडी पहिल्या-दुसऱ्याला जरा जरी थरथरत असेल तर तीन महिने थांबू नका. आत्ताच दाखवा आणि तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या. मूळ वॉरंटीत नोंदलेली तक्रार पुढं वाढली तर तुमची बाजू भक्कम राहते. बऱ्याचदा नुसतं सॉफ्टवेअर अपडेट आणि क्लच ॲडाप्टेशन करून भागतं, म्हणजे क्लच कुठं पकडतो ते कॉम्प्युटरला नव्यानं शिकवतात. मूळ वॉरंटीत हे काम फुकट व्हायला पाहिजे.

हिशेबी (नांदेड)

आकडे मांडतो. ३३ महिन्यांत ७४,००० किमी म्हणजे महिन्याला साधारण २,२४०. वॉरंटी संपेल त्या दिवशी मीटर ८०,७०० च्या आसपास असेल. अजून एक वर्ष, १,०७,६००. अजून दोन वर्षं, १,३४,५००. म्हणजे १.४ लाखांची मर्यादा तुम्हाला पाचव्या वर्षाच्या अखेरपर्यंत पुरते, आणि पुरते तीही काठावर. हे फार महत्त्वाचं, कारण 'वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी' यात बरेच लोक फसतात. महिन्याला तीन हजार किमी पळणारी गाडी ५ वर्षं/१.४ लाखाच्या वॉरंटीतून चार वर्षं संपायच्या आतच बाहेर पडते, पण पैसे पाच वर्षांचे गेलेले असतात. उलट वर्षाला सात-आठ हजार चालणाऱ्यानं किलोमीटरचा आकडा बघूच नये, फक्त वर्षांचा भाव बघावा.

३१,४०० भागिले २४ म्हणजे महिन्याला १,३०८ रुपये, किलोमीटरला ५८ पैसे. त्यातला ४,७९० नुसता जीएसटी आहे, १८ टक्क्यांनी. नुसतं चौथं वर्ष घेतलं तर महिन्याला १,४३३ पडतात, आणि झीज व्हायला लागते ते पाचवं वर्ष उघडं राहतं. त्यामुळं घेणार असाल तर दोन वर्षांचंच घ्या, एका वर्षाचं अर्धवट घेऊ नका.

हेच पैसे ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर दोन वर्षांनी ३६,००० च्या आसपास होतात. त्यात एसीचा कॉम्प्रेसर बसेल किंवा अल्टरनेटर बसेल, पण टर्बो आणि गिअरबॉक्स बसणार नाहीत. साठ हजार ते लाखाचं अचानक बिल घरातून सहज देता येत असेल तर वॉरंटीशिवाय राहणं हाही शहाणपणाचाच निर्णय आहे. ते बिल आलं तर कर्ज काढावं लागणार असेल तर वॉरंटी घ्या.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी जाता जाता: डिलिव्हरीच्या वेळी शोरूम एक्स्टेंडेड वॉरंटी ऑन-रोड किमतीत घालून सगळं कर्जात टाकतं. २२,००० ची वॉरंटी साडेनऊ टक्क्यांनी ७ वर्षांच्या कर्जात गेली की फेडीपर्यंत ३०,२०० ला पडते. ती सक्तीची नसते. कोटेशनमधून काढायला सांगा आणि हवी असेल तर वेगळे पैसे भरून घ्या. मूळ वॉरंटी चालू आहे तोवर बहुतेक कंपन्या नंतरही देतात, फक्त जसजसा उशीर तसतसा भाव चढतो. तो भाव कोणत्या टप्प्यावर किती चढतो हे विचारून ठेवलं की घाई करावी लागत नाही.

साधीगाडी (बीड)

वरच्या दोघांशी तुमच्या गाडीपुरता सहमत. पण हा धागा वाचून साध्या गाडीवालेही पैसे भरून बसतील म्हणून लिहिते.

१.२ लिटर, बिनटर्बोचं पेट्रोल, मॅन्युअल गिअर, वर्षाला दहा हजारांच्या आत रनिंग, अशा गाडीला मी एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणणार नाही. पहिल्या पाच-सहा वर्षांत अशा गाडीवर जो खर्च येतो तो क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, बेल्ट, होज, वायपर, बल्ब यांवरच, आणि यातलं जवळजवळ काहीच वॉरंटीत येत नाही. आपल्याकडच्या आतल्या रस्त्यांनी सगळ्यात आधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश जातात. वॉरंटीचा कागद असला नसला तरी ते पैसे तुमचेच.

शिवाय मूळ वॉरंटी आता पूर्वीसारखी आखूड राहिली नाही. मारुती सुझुकीनं जुलै २०२४ मध्ये आपली २ वर्षं/४०,००० किमीची वॉरंटी ३ वर्षं/१ लाख किमी केली. त्यामुळं 'दोन वर्षांत संपते हो' हे जुनं वाक्य ऐकून घाई करायचं कारण नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्लॅनबद्दल. तो नको. एका क्लेमला ४०,००० ची मर्यादा म्हणजे जिथं गरज आहे तिथंच तो हात वर करणार. अशा प्लॅनमध्ये आणखी तीन गोष्टी बघाव्या लागतात. गाडी खोलायच्या आधी त्यांची मंजुरी घ्यावी लागते का? गाडीच्या वयानुसार पार्टच्या किमतीतून घसारा कापतात का? आणि पैसे वर्कशॉपला थेट देतात की आधी तुम्ही भरायचे आणि मग मागायचे? बरीच माणसं इथंच अडकतात. गाडी लिफ्टवर, गिअरबॉक्स खाली काढलेला आणि मंजुरी यायची आहे, असे आठ-दहा दिवस जातात. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला चालते आणि गाडीच्या चासी नंबरवर सिस्टिममध्ये दिसते. पैसे भरल्यावर सर्टिफिकेट नंबर मागा आणि कंपनीच्या ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरला फोन करून चासी नंबरवर ती वॉरंटी चढली का ते स्वतः बघा. शोरूमची पावती म्हणजे वॉरंटी नाही.

वायरमन (हिंगोली)

विम्याचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून थोडक्यात. विमा बाहेरून झालेल्या नुकसानीचा. अपघात, पूर, आग, चोरी. मोटार पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड स्पष्ट वगळलेले असतात, झीजही वगळलेली असते. झिरो डेप म्हणजे अपघाताच्या क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत, एवढंच. इंजिन प्रोटेक्टचं मुख्य काम पाणी आत जाऊन इंजिन लॉक झालं किंवा खालून दगड लागून तेल सांडलं तर. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, ती आत बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ते वॉरंटीत कधीच बसणार नाही, इंजिन प्रोटेक्टमध्येच जाईल, आणि तिथंही पुन्हा स्टार्टर मारल्याचं दिसलं तर वाद होतो. म्हणजे एकाची जागा दुसरा घेत नाही.

गाडी आखाड्यावर जाते म्हणालात म्हणून आणखी एक. उंदीर. सुगी झाली की धान्याच्या पोत्यांमागून उंदीर येतात आणि गाडी उभी केल्यावर गरम इंजिनापाशी जाऊन बसतात. इंजेक्टरची, ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडली की चेक इंजिनचा दिवा लागतो. वॉरंटीवाले वायरवर दाताची खूण बघून लगेच नाकारतात आणि ते नियमाला धरूनच आहे. तुमच्या विम्यात हे येतं का, ते पॉलिसीच्या शब्दांत बघून ठेवा. बोनेटखाली पाला, सुतळी, ज्वारीचे दाणे दिसले तर त्याच दिवशी साफ करा. आखाड्यावर रात्रभर गाडी राहणार असेल तर बोनेट उघडं ठेवलं तरी बराच फरक पडतो. उजेड आणि गारवा असला की उंदीर आत बसत नाही.

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे आभार. शोरूमकडून उत्तर आलं. ॲक्च्युएटर आणि टीसीयू येतात. क्लच असेंब्ली 'उत्पादनातील दोष असल्यास' येते, झीज असेल तर नाही.

अजून दोन अडचणी. ४०,००० ची सर्व्हिस वर्कशॉपला नंबर लागला नाही म्हणून ४१,९०० ला झाली आहे. आणि डॅशकॅम बाहेरून बसवला आहे, फ्यूज बॉक्समधून वायर घेतली आहे. यावरून पुढं क्लेम अडवतील का? थरथर थोडी आहे, सकाळी गार असताना नाही, गर्दीतून निघाल्यावर जाणवते.

कलमवाचक (छत्रपती संभाजीनगर)

आधी उशिराच्या सर्व्हिसबद्दल. प्रत्येक कंपनी सर्व्हिसला थोडी सवलत देते, किलोमीटरमध्येही आणि दिवसांतही. किती, ते तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत छापलेलं असतं. तो आकडा आधी काढा, कारण १,९०० हा त्याच्या बाहेर असण्याची दाट शक्यता आहे. पण त्यामुळं संपूर्ण वॉरंटी रद्द झाली असं आपोआप होत नाही. बिघाड आणि उशीर यांचा संबंध दाखवावा लागतो. तेल उशिरा बदललं म्हणून टर्बोचं बेअरिंग गेलं हा संबंध लागतो. तेल उशिरा बदललं म्हणून स्टिअरिंगची मोटर गेली हा लागत नाही. गिअरबॉक्सच्या टीसीयूचा इंजिन ऑइलशी काय संबंध? हे लेखी विचारता येतं.

तुमच्या बाबतीत खरी चाचणी पैसे भरायच्या आधीच होऊ शकते. शोरूमला लिहा: 'या चासी नंबरची ४०,००० ची सर्व्हिस ४१,९०० ला झालेली आहे, तुमच्या सिस्टिममध्ये नोंद आहे. हे माहीत असताना तुम्ही एक्स्टेंडेड वॉरंटी देत आहात का आणि यावरून पुढं क्लेम नाकारला जाणार नाही ना?' हो म्हणाले तर उद्या त्याच कारणावर नाकारणं त्यांना जड जाईल. उत्तरच दिलं नाही तर तेही एक उत्तर समजा. नंबर लागला नव्हता त्या वेळचा ॲपमधला बुकिंगचा मेसेज, एसएमएस, काय असेल ते जपून ठेवा.

डॅशकॅमचं. वायर कापून जोडली असेल तर ज्या सर्किटवर जोडली त्या सर्किटचा क्लेम अडतो. फ्यूज टॅप लावून, त्याला वेगळा फ्यूज देऊन, न कापता घेतली असेल तर वाद कमी. कापून घेतली असेल तर आत्ताच काढून नीट करून घ्या. बाहेरून सीएनजी किट, इंजिनाचा रीमॅप (सॉफ्टवेअर बदलणं), जास्त वॅटचे हेडलाइट यांचं प्रकरण याहून गंभीर असतं. तिथं इंजिन किंवा संपूर्ण वायरिंगचीच वॉरंटी जाते. आणि पांढऱ्या पाटीची गाडी तुळजापूर-माहूरच्या ट्रिपा भाड्यानं मारत असेल तर सगळंच गेलं. जीपीएसचा, फास्टॅगचा इतिहास काढून नाकारतात. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला ग्राहक कायद्याखाली 'ग्राहक' ठरणंही अवघड जातं.

क्लेम नाकारला तर काय करायचं, तेही लिहून ठेवतो. नकार तोंडी घेऊ नका. जॉबकार्डची प्रत, एरर कोडचा प्रिंट, कोणता पार्ट, त्याचा पार्ट नंबर आणि वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे ईमेलवर मागा. मग कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार क्रमांक घेऊन एरिया सर्व्हिस मॅनेजरची तपासणी मागा. जुना पार्ट वर्कशॉपमधून जाऊ देऊ नका, निदान त्याचे फोटो काढा. तिथं हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं कंपनीशी तडजोड घडवायचा प्रयत्न होतो आणि बरीच प्रकरणं इथंच मिटतात. नाही मिटलं तर वकिलाची किंवा स्वतःची नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. शोरूम नांदेडचं आणि कंपनीचं ऑफिस कुठंही असो, तुम्ही परभणीतच दाखल करा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. वॉरंटीच्या कराराचा वाद असेल तर तुम्ही त्यातच बसता.

गिअरपेटी (लातूर)

गार असताना नाही आणि गर्दीनंतर थरथर, हे क्लच तापल्याचंच लक्षण. लगेच दाखवा, आणि दाखवायची पद्धतही नीट समजून घ्या. सकाळी गार गाडी नेऊन दिली तर टेक्निशियन चक्कर मारून 'आढळलं नाही' लिहील. दुपारी न्या, वीस मिनिटं गर्दीतून चालवत न्या आणि ॲडव्हायझरला शेजारी बसवून तिथंच थरथर दाखवा. जॉबकार्डवर त्यांचे शब्द नकोत, तुमचे पाहिजेत: 'गरम असताना पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते, वेग ५ ते १५ किमी.' 'गिअरबॉक्स चेक' एवढंच लिहून सही करू नका. गाडी परत घेताना काय केलं तेही लिहून घ्या: ॲडाप्टेशन केलं का, सॉफ्टवेअर कोणतं होतं आणि कोणतं टाकलं, कोड काय निघाले.

आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा झालं तर पुन्हा जा, पुन्हा जॉबकार्ड. मूळ वॉरंटीत दोन-तीन नोंदी झाल्या की ती झीज नाही, दोष आहे, हे म्हणायला आधार मिळतो. 'उत्पादनातील दोष असल्यास' या तीन शब्दांवर तुमचा सगळा क्लेम उभा राहणार, म्हणून ही नोंद ३१,४०० पेक्षा महाग समजा.

टर्बोचंही बघून घ्या. टर्बोचे क्लेम दोन कारणांनी नाकारले जातात. एक, तेल. कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं आणि मानकाचं फुल सिंथेटिक तेल नसेल, किंवा वेळेवर बदललं नसेल, तर टर्बोच्या शाफ्टला तेल नेणारी बारीक वाट काजळीनं भरते आणि बेअरिंग घासतं. दोन, धूळ. कापसाच्या जिनिंगच्या आणि गिट्टी क्रशरच्या रस्त्यांवर एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच भरतो. बाहेरचा स्वस्त फिल्टर बसवला की त्याची कडा घट्ट बसत नाही आणि बाजूनं धूळ आत जाते. क्लेमच्या वेळी फिल्टरच्या पुढचा पाईप काढून आत पांढरं फडकं फिरवतात. फडक्यावर मातकट पट्टा उमटला की टर्बो गेला तुमच्या खिशातून. तुम्ही स्वतःच दर पाच हजारांना फिल्टरचं झाकण उघडून बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला, स्वच्छ हवेच्या अंगाला, बोट फिरवा. तिथं धूळ लागता कामा नये.

कुलंट कमी झालं तर बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि वॉटर पंपाच्या सीलवर पांढरा थर बसतो. कंपनीचं तयार कुलंट एक लिटर डिक्कीत ठेवा, अडचण आली तर डिस्टिल्ड वॉटर. आणि तापमानाचा लाल दिवा लागल्यावर 'गाव आलंच की' म्हणून चालवू नका. लाल दिव्यानंतर गाडी किती वेळ चालली ते ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून, काढता येतं, आणि हेड गॅस्केटचा क्लेम तिथंच संपतो. बाजूला घ्या, बंद करा, टोइंग बोलवा. टोइंग वॉरंटीत नसतं, रोडसाइड असिस्टन्समध्ये असतं, आणि त्यात फुकट किती किलोमीटर ओढतात ते आधी विचारून ठेवा. किनवट-माहूरकडं गाडी बंद पडली तर नांदेडचं वर्कशॉप शंभरावर किलोमीटर लांब आहे.

साधीगाडी (बीड)

पूर्णाकाठ दादा, कंपनीचा दोन वर्षांचा प्लॅन घ्या, पण संपायच्या शेवटच्या आठवड्यात नको. काही ठिकाणी त्या वेळी आधी गाडीची तपासणी मागतात आणि आहे तो दोष 'आधीचा' म्हणून बाजूला काढतात. महिनाभर आधी घ्या, आणि त्याच्याही आधी गिअरची तक्रार मूळ वॉरंटीतल्या जॉबकार्डवर चढलेली असू द्या.

विकायच्या वेळेला ही वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का आणि त्याला किती फी, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. होत असेल तर चार वर्षांची डीसीटी गाडी विकताना घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. आरसी ट्रान्सफर झाल्यावर ठरावीक दिवसांत कंपनीला कळवावं लागतं, नाहीतर ट्रान्सफर अडतं.

हिशेबी (नांदेड)

भावाबद्दल एक. नांदेड, लातूर, संभाजीनगर अशा दोन-तीन शोरूमना त्याच चासी नंबरवर त्याच प्लॅनचा भाव विचारा. कंपनीचा प्लॅन एकच असला तरी शोरूम आपल्या कमिशनमधून थोडंफार सोडतं, विशेषतः महिन्याच्या अखेरीस. ८०,००० ची सर्व्हिस तुमची त्याच सुमारास येणार आहे, ती तिथंच करतो म्हणालात तर अजून सोडतील. पावतीवर मात्र प्लॅनचं पूर्ण नाव, सुरू आणि संपायची तारीख, किलोमीटरची मर्यादा आणि चासी नंबर, हे सगळं असल्याशिवाय पेमेंट करू नका.

पूर्णाकाठ (परभणी)

समजलं. उद्या दुपारी गर्दीतूनच गाडी वर्कशॉपला नेतो, आधी जॉबकार्ड, मग ईमेल, मग पैसे. डॅशकॅमची वायर फ्यूज टॅपवर घेतली आहे की कापली आहे ते आज संध्याकाळी बघून इथं फोटो टाकतो. वायरमन भाऊ, तेवढं बघून सांगा.

वायरमन (हिंगोली)

टाका. फ्यूज बॉक्सचा जवळून एक फोटो आणि वायर दाराच्या खांबातून कशी वर नेली त्याचा एक. त्या खांबात साइड कर्टन एअरबॅग असते. वायर एअरबॅगच्या पुढून ओढली असेल तर वॉरंटी राहू द्या बाजूला, आधी ती काढून एअरबॅगच्या मागून न्यायला पाहिजे.